हॅलिफॅक्सच्या गार्लिक फिंगर्स पुण्यात कशा कराव्यात? सॉस दाटच होत नाही

परतलेला_कोथरूडकर

नमस्कार मंडळी,

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर राहिलेलं कुणी आहे का इथे? प्रश्न मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, पण मैदा, यीस्ट आणि ओटीजीशी ज्यांचं जमतं त्यांनीही जरूर लिहा.

मी हॅलिफॅक्सला शिकायला होतो, पुढे तिथेच थोडी नोकरी केली, आता कोथरूडला घरी परतलोय. तिथल्या थंडीची नाही, घरभाड्याची तर नाहीच नाही, पण गार्लिक फिंगर्सची आठवण बेक्कार येते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पिझ्झाचाच गोल बेस असतो, पण टोमॅटो सॉस नसतो. त्याऐवजी लसणाचं बटर, चिमूटभर वाळलेली पार्सली आणि वर मोझरेलाचा थर. भाजून झालं की त्रिकोणी कापत नाहीत. मधोमध एक उभा काप देतात आणि मग आडव्या अरुंद पट्ट्या. सोबत झाकणाच्या छोट्या डबीत पांढरा, गोड-आंबट, लसणाच्या वासाचा डोनेअर सॉस. नोव्हा स्कोशा, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यूफाउंडलंड, या चारही प्रांतांत गल्लीतल्या साध्या पिझ्झाच्या दुकानात हा प्रकार मिळतो. मोठा पिझ्झा आणि गार्लिक फिंगर्स अशी जोडी एका किमतीत देतात, त्यामुळे कुणाकडे चार जण जमले की ते खोकं असतंच. टोरांटोला मामेभावाकडे गेलो असताना मागितल्या तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. मग लांबट पाव उभा चिरून त्यावर चीज वितळवलेलं काहीतरी आणून दिलं.

आता घाई का, ते सांगतो. आई चातुर्मास पाळते. कांदा, लसूण, वांगं बंद. त्यामुळे कांदेनवमीला आमच्याकडे दणका असतो: खेकडा भजी, कांद्याची थालीपीठं, भरली वांगी. आत्या, काका, शेजारचे, सगळे येतात. यंदा मी सगळ्यांसमोर जाहीर करून बसलोय की लसणाला निरोप मी देणार, आणि तोही माझ्या पद्धतीने.

रंगीत तालीम केली तर हे हाल. मिल्कमेड, व्हिनेगर, लसणाची पावडर हँड ब्लेंडरने छान एकजीव केली. चव जवळपास तीच आली, पण सॉस दुधासारखा वाहतोय. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही तसाच. बेस खारीसारखा कुरकुरीत झाला, तिथला तो मऊ, ओढला की ताणला जाणारा बेस नाहीच. आणि लसूण कडवट लागला. आई म्हणाली, "चार महिने याच्याविना राहायचं असेल तर मला जड जाणार नाही."

मदत करा.

खवय्यी_नं_१

म्हणजे चीज गार्लिक ब्रेडच ना? कोपऱ्यावरून मागवायचा, अर्ध्या तासात दारात. एवढा खटाटोप कशाला?

परतलेला_कोथरूडकर

@खवय्यी, तो मसालेदार असतो. वर ओरेगॅनो, चिली फ्लेक्स, आत मका आणि हलापिन्यो. मला ते काहीही नकोय. आणि तो सॉस इकडे कुठेच मिळत नाही, खरी मेख तीच आहे.

खाडीपलीकडची

अरे कोथरूडकरा, सॉसला हँड ब्लेंडर लावलास ना, मग तो दाट होणारच नव्हता. आता सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

मी डार्टमथला असते. हॅलिफॅक्सच्या बरोबर समोर, मध्ये बंदराची खाडी, फेरीने पलीकडे गेलं की शहर. मूळची मिरजेची. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात एका पिझ्झाच्या दुकानात संध्याकाळची पाळी करायचे. मालक लेबनीज. इथली बरीच पिझ्झाची दुकानं लेबनीज नाहीतर ग्रीक घरांची आहेत. म्हातारा फार कमी बोलायचा, पण सॉस करताना कुणी घाई केलेली दिसली की लांबून ओरडायचा. तो स्वतः करायचा ते बघण्यासारखं होतं. पांढरी प्लास्टिकची बादली, त्यात गार आटवलेलं दूध, साखर आणि लसणाची पावडर आधी नीट विरघळवलेली. मग व्हिनेगरचं माप बादलीच्या कडेला टेकवून बारीक धारेने आत सोडायचा, आणि दुसऱ्या हाताने लांब दांड्याचा डाव तळातून वर, तळातून वर, असा सावकाश फिरवायचा. फेटायचा नाही. धार संपली की आणखी दोन-चारदा डाव फिरवून झाकण लावायचं आणि बादली थेट थंड खोलीत. दुसऱ्या दिवसापर्यंत तिला कुणी चमचासुद्धा लावायचा नाही.

त्यामागचं कारण सरळ आहे. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन आम्लात आवळतं, साधारण ४.६ पीएचच्या आसपास. दूध गार आणि आटवलेलं असेल, त्यात भरपूर साखर असेल आणि आम्ल हळूहळू पडलं, तर त्या प्रथिनांची नाजूक जाळी तयार होते, ती पाणी धरून ठेवते आणि सॉस घट्ट होतो. पीठ नाही, कॉर्नफ्लोर नाही, सगळी भिस्त त्या जाळीवर. ब्लेंडरच्या पात्याने ती धरायच्या आतच तुटते आणि मग फ्रीजमध्ये कितीही तास ठेवलीस तरी पुन्हा विणली जात नाही. दूध गरम असतानाच व्हिनेगर ओतलंस तर काय होतं ते तुझ्या आईला विचार, पनीर करताना आपण तेच करतो.

आता माप. मिल्कमेडचा ४०० ग्रॅमचा डबा असेल तर तो साधारण ३०० मिली भरतो. त्याला ८० मिली पांढरं व्हिनेगर, दीड चहाचा चमचा लसणाची पावडर. डबा आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये ठेव. पावडर आधी दुधात मिसळून दहा मिनिटं तशीच सोड म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. मग व्हिनेगर तीन-चार भागांत, रबरी उलथन्याने, तळातून वर. व्हिनेगरच्या बाटलीवरचा आकडा वाच. इथलं साधं पांढरं व्हिनेगर ५ टक्के आम्लाचं असतं, तिकडच्या बाटल्यांवर बहुतेक ४ टक्के लिहिलेलं असतं. म्हणून ८० मिली घालूनही सॉस आवळायची लक्षणं दिसली नाहीत तर आणखी वीसेक मिली घाल, पण एकदम नको. सफरचंदाचं व्हिनेगर नको, त्याचा वास पुढे येतो. लिंबाने सॉस आवळतो खरा, पण चव लिंबू सरबताकडे झुकते. ताज्या लसणाची पेस्ट तर मुळीच नको, कच्चा लसूण दुसऱ्या दिवशी उग्र होतो.

मिल्कमेडचा सॉस घरोघरी करतात, त्यात गैर काही नाही, पण मला तो जरा मिठाईच्या अंगाने जाणारा वाटतो. दुकानात आम्ही बिनसाखरेचं इव्हॅपोरेटेड मिल्क घ्यायचो. पुण्यात ते शोधत फिरू नकोस. चितळ्यांचं किंवा कुठलंही फुल क्रीम दूध एक लिटर घे आणि जाड बुडाच्या पातेल्यात ४०० मिलीपर्यंत आटव. डब्यातल्या दुधातलंही सुमारे ६० टक्के पाणी काढलेलंच असतं. साय धरली की परत आत ढकलत राहा, शेवटी गाळून घे. पूर्ण गार कर, मग फ्रीजमध्ये चांगलं थंड कर. त्यातलं ३५० मिली दूध, १३० ग्रॅम साखर, एक चमचा लसणाची पावडर, ६० मिली व्हिनेगर. हा सॉस मिल्कमेडच्या सॉसपेक्षा थोडा सैल होतो. कढीपेक्षा दाट आणि श्रीखंडापेक्षा बराच सैल झाला की बरोबर झाला असं समज. पट्टी बुडवून वर काढली की सॉस तिच्या टोकाला चिकटून राहायला हवा.

या सॉसचा जन्म गार्लिक फिंगर्ससाठी झालेला नाही, हेही सांगून टाकते. पीटर गामुलाकोस नावाचे ग्रीक गृहस्थ इथे गायरो, म्हणजे सळईवर भाजलेलं मांस पावात गुंडाळून, विकू पाहत होते. मेंढीचं मांस आणि दही-काकडीचा त्झात्झिकी काही हॅलिफॅक्सच्या लोकांच्या पचनी पडेना. मग त्यांनी मसालेदार गोमांसाचा खिमा सळईवर लावला आणि त्झात्झिकीच्या जागी हा गोड दुधाचा सॉस आणला. तोच डोनेअर. १९७३ साली क्विनपूल रोडवर त्यांच्या किंग ऑफ डोनेअरमधून तो शहरभर झाला. डिसेंबर २०१५ मध्ये तर नगर परिषदेने डोनेअर हा हॅलिफॅक्सचा अधिकृत पदार्थ ठरवून टाकला. डोनेअर खाताना कोपरापर्यंत ओघळ येतात, ब्लोअर्स आणि ग्राफ्टन स्ट्रीटच्या चौकात, ज्याला सगळे पिझ्झा कॉर्नर म्हणतात, शनिवारी रात्री बार सुटल्यावर उभं राहिलास तर दिसलंच असेल तुला. आपल्यासारखे बीफ न खाणारे त्याच दुकानात शिरले की काय घेणार? गार्लिक फिंगर्स. सॉस तोच, मांस नाही. माझ्या ओळखीतली निम्मी देशी पोरं अशीच या पदार्थाला लागली.

बेसचं बघू. तुझा बेस खारी झाला कारण तो पातळ होता आणि कमी तापात जास्त वेळ भाजला गेला. इथला मैदा प्रेअरीतल्या, म्हणजे पश्चिमेकडच्या सपाट गवताळ प्रदेशातल्या, कडक गव्हाचा, त्यात ग्लुटेन जास्त, म्हणून तो ताण येतो. तुझा मैदा मऊ आहे. त्याला पाणी कमी लागतं आणि हात जास्त. १२ इंची एका बेसला २५० ग्रॅम मैदा, १५० मिली पाणी, चहाचा सपाट चमचा मीठ, तेवढीच साखर, चमचाभर इन्स्टंट यीस्ट, एक मोठा चमचा तेल. पावसाळ्यात मैदा हवेतलं पाणी ओढून बसलेला असतो, म्हणून १० मिली पाणी आधी हाताशी ठेव, गरज पडली तरच घाल. दहा-बारा मिनिटं दाबून मळ. गोळा ताणला तर पटकन तुटता कामा नये. आषाढात तुमच्याकडे तासाभरात दुप्पट होईल. मला इथे जानेवारीत हीटरच्या बाजूला टोपलं ठेवून बसावं लागतं. वेळ असेल तर आदल्या रात्री मळून फ्रीजमध्ये ठेव, चव चांगली येते.

लाटू नकोस. हातानेच मधून बाहेर दाबत पसरव. पिझ्झापेक्षा जाड ठेव, पाऊण सेंटिमीटर तरी. ओटीजी २५० वर, आत ट्रे ठेवूनच वीस मिनिटं तापव आणि बेस त्या तापलेल्या ट्रेवर घाल. बटर पेपरसकट सरकवलास तर हात भाजणार नाही. आठ ते दहा मिनिटांत काम झालं पाहिजे. बारा झाली तर काहीतरी चुकतंय.

लसूण कडू लागला म्हणजे तू तो बटरमध्ये लाल होऊ दिलास, नाहीतर चीजवर टाकलास. ५० ग्रॅम बटर मंद आचेवर नुसतं वितळव, गॅस बंद कर, मग त्यात किसलेला लसूण घाल. तुमच्याकडचा बारीक गावरान लसूण असेल तर सहा-सात पाकळ्या पुरेत, तो इथल्या फुगीर लसणापेक्षा कितीतरी तिखट. अमूलचं बटर खारट असतं, वरून मीठ नको. हे सगळं बटर एकाच बेसला ओतायचं नाही. ब्रशने पातळ लाव, कडेला बोटभर जागा सोड. जास्त झालं की चीज बेसवरून घसरतं आणि बूड ओलं राहतं. बटर खाली, चीज वर, मग लसूण जळायचा प्रश्नच नाही. पार्सली चिमूटभर, वाळलेली. मिळाली नाही तर काहीही घालू नकोस. कोथिंबीर तर नकोच नको, लगेच चटणी सँडविचचा वास येतो.

चीज म्हणजे पिझ्झासाठीचं घट्ट मोझरेला, पाण्यातले पांढरे गोळे नव्हे. किसून १८० ते २०० ग्रॅम. कंजूषपणा करू नकोस, या पदार्थात त्याच्याशिवाय आहे काय? चीजला बुडबुडे आले आणि एखाद-दुसरा सोनेरी डाग पडला की काढ. पिझ्झासारखं सगळीकडे लालसर होऊ द्यायचं नाही.

दोन मिनिटं थांबून काप. नाहीतर कटरबरोबर चीजची चादर ओढली जाते. आधी मधून एक, मग त्याला आडव्या दोन-दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या. दोन्ही टोकांना ज्या बुटक्या, कडेकडेच्या पट्ट्या येतात त्या सगळ्यात कुरकुरीत. आमच्या घरी त्यावरून भांडणं होतात.

आणि एक. कांदेनवमीला घरात माणसं जमणार, कुणीतरी म्हणेल थोडी हिरवी मिरची टाक, कांदा टाक, मसाला भुरभुर. ऐकू नकोस. हा पदार्थ मुळात सौम्य, पांढरा, खारट-लसणी आहे आणि सगळी गंमत त्या गोड-आंबट सॉसमध्ये तो बुडवण्यात आहे. वर तिखट आलं की सॉस विचित्र लागायला लागतो आणि मग लोक सॉसला नावं ठेवतात. मिरचीवाल्यांसाठी शेजारी ठेचा ठेव. मीही ठेवते.

मंक्टनकर

ताई, सॉसचं अगदी +१. पण सगळं हॅलिफॅक्सच्या पदरात टाकू नका हो! आम्ही न्यू ब्रन्सविकवालेही आहोत. पिझ्झा डिलाइट १९६८ साली आमच्या शेडियाकात सुरू झालं, ते राक्षसी लॉब्स्टरचं शिल्प आहे ना, त्या गावात. ग्रेकोचं पहिलं दुकान मंक्टनला, १९७७ साली. दोन्हीकडे गार्लिक फिंगर्स मिळतात. गावोगावच्या पोरांनी शाळेच्या वाढदिवसांना ज्या खाल्ल्या त्या या साखळी दुकानांतल्याच. माझी मुलं तर सॉससुद्धा डोनेअर घेत नाहीत, टोमॅटोचा मारिनारा मागतात. मी पट्टीच्या एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला तो असं करतो.

इथे काही जण बेकनचे तुकडेही टाकतात. कांदेनवमीला बहुधा चालणार नाही. :)

खाडीपलीकडची

@मंक्टनकर, मारिनारा? मुलांना माफ, तुम्हाला नाही.

बाकी साखळी दुकानांचं म्हणणं मान्य. मी इथल्या गल्लीतल्या दुकानात राबले म्हणून माझं मन तिकडे. आमच्याकडे उत्तरेला पिक्टू काउंटीत पिझ्झालाच तपकिरी सॉस असतो, ते लोक आम्हालाही नवशिके समजतात. इथे प्रत्येक गावाचं असं काहीतरी असतंच.

कांदालसूण_वर्ज्य

मी वर्षभरच लसूण खात नाही, तेव्हा या धाग्यावर काय करतोय असं विचारू नका. भाची पुढच्या महिन्यात हॅलिफॅक्सला शिकायला चाललीय, ती शाकाहारी आहे. या सॉसला डोनेअर म्हणतात म्हणजे त्यात मांसाचा काही अंश असतो का? आणि अंडं?

खाडीपलीकडची

मांस नाही, अंडं नाही. दूध, साखर, व्हिनेगर, लसणाची पावडर, संपलं. नाव फक्त त्या मांसाच्या गुंडाळीवरून आलंय.

पण भाचीला हे सांगून ठेवा की दुकानात ओव्हन एक आणि कटर एकच. आमच्याकडे ज्या कटरने पेपरोनी पिझ्झा कापला त्यानेच पुढच्या मिनिटाला गार्लिक फिंगर्स कापल्या जायच्या. गिऱ्हाइकाने सांगितलं तर आम्ही धुवून घ्यायचो, कुणी तोंड वाकडं करत नसे. ऑर्डर देतानाच सांगायचं, नंतर नाही. बेकन नको हेही आवर्जून सांगायचं, काही ठिकाणी ते न विचारता घालतात. चीजमधलं रेनेट (दूध गोठवायला घालतात ते, कधी प्राण्यांपासून काढलेलं असतं) कुठलं हे ती बघत असेल तर दुकानात नेमकं उत्तर मिळणं अवघड. घरी करताना पाकिटावर वाचता येतं. तुमच्याकडे तर हिरवा ठिपका असतो, सोपं आहे.

आणि ती लसूण खात असेल तर तिला घाबरवू नका. इथल्या पहिल्या थंडीत गरम आणि स्वस्त जे जे मिळेल ते लागतं.

शेगडीवाला

ओटीजी नसलेल्यांनी काय करायचं? फक्त वाचन?

खाडीपलीकडची

बिडाचा तवा आहे ना? तव्याएवढाच छोटा बेस कर, ७-८ इंची. तवा मध्यम तापवून बेस टाक, वरून झाकण. खालून डाग पडले की उलट. आता भाजलेली बाजू वर आली, तिच्यावर बटर लाव, चीज पसर, आच अगदी मंद, पुन्हा झाकण, चीज वितळेपर्यंत. झाकणाला आतून पाणी सुटतं, ते चीजवर टपकू देऊ नकोस, मध्येच एकदा फडक्याने पूस. वरून सोनेरी डाग येणार नाहीत, पण मऊपणा ओटीजीपेक्षा चांगला येतो. खरं सांगायचं तर मीसुद्धा दोघांपुरतं करायचं असेल तर ओव्हन पेटवत नाही.

खवय्यी_नं_१

माघार घेते. हे काही कोपऱ्यावर मिळणार नाही. वाचनखूण साठवली आहे.

एक शंका, लसणाची पावडर बाजारात मिळते ती कधीकधी दगडासारखी झालेली असते. घरचा लसूण वाळवून केली तर?

खाडीपलीकडची

चालेल, पण या दिवसांत उन्हं कुठून आणणार? विकतची दगड झाली असेल तर मिक्सरमधून फिरवून बारीक चाळणीने चाळ. पाकिटावर बघ, गार्लिक सॉल्ट नको. बरेच जण चुकून तेच उचलतात आणि सॉस खारट करून ठेवतात.

परतलेला_कोथरूडकर

ताई, साष्टांग नमस्कार.

दूध आटवून, रात्रभर फ्रीजमध्ये गार करून केला. व्हिनेगर चार टक्क्यांचं होतं, ६० मिलीनंतर अजून दहा मिली घातलं. उलथन्याने फिरवतानाच हाताला जडपणा जाणवायला लागला, म्हणून तिथेच थांबलो. आज सकाळी चमचा उभा राहत नाही, पण पाठीवर जाड थर धरतो. वडील नुसताच सॉस खात होते, त्यांना वाटलं पेढ्यात कुणी लसूण घातला. आवडला की नाही ते नीट सांगितलं नाही, पण वाटी रिकामी होती.

बेसही मऊ आला. तापलेल्या ट्रेचा फरक फार पडतो. आईने एक पट्टी सॉसशिवाय आणि एक सॉससकट खाल्ली आणि म्हणाली, सॉस कमी गोड कर. साखर १३० वरून १०० ग्रॅमवर आणली तर दाटपणा जाईल का? आणि त्या दिवशी पंधराएक माणसं असतील. ओटीजी एकच. एकामागून एक भाजत बसलो तर मला भजी मिळायची नाहीत. काही युक्ती?

खाडीपलीकडची

साखर १०० वर आण, फार बिघडत नाही, थोडा सैल होईल इतकंच. त्याखाली जाऊ नकोस, मग आंबटपणा अंगावर येतो. आईला सांग, आधी पट्टी बुडवून खा, नुसता सॉस चाखू नका. चाखल्यावर सगळ्यांनाच गोड लागतो.

माणसं पंधरा आणि बाकी भजी-वांगी आहेत, तर १२ इंची चार बेस पुरे. सकाळीच चारही अर्धवट भाजून घे. काट्याने टोचे मार म्हणजे फुगणार नाहीत, नुसता बेस २५० वर चार मिनिटं, रंग यायच्या आत बाहेर. जाळीवर गार कर, मग कापडात गुंडाळून ठेव. एकावर एक गरम रचलेस तर घामाने ओले होतील. लोक बसले की बटर, चीज लावून प्रत्येकी सहा मिनिटं. एक कापून ताटात जाईपर्यंत दुसरा तयार. बटर आधी करून ठेवलंस तर ते घट्ट होईल, जरा कोमट करून घे, पण उकळू देऊ नकोस, लसूण आहे त्यात. चीज आदल्या दिवशी किसून डब्यात, फ्रीजमध्ये.

सॉस दोन दिवस आधी कर, आयत्या वेळी नाही. डबीत काढताना ढवळायचा नाही, डावाने उचलून घालायचा. वर थोडं पाणी सुटलेलं दिसलं तर ओतून टाक. आठवडाभर फ्रीजमध्ये टिकतो. आईचा चातुर्मास सुरू झाल्यावर उरलेली बाटली तुझ्या खोलीतल्या फ्रीजमध्ये हलव, नाहीतर शेजाऱ्यांकडे दे.

परतलेला_कोथरूडकर

खोलीत फ्रीज असता तर काय पाहिजे होतं! शेजारी ठरले. शेवटचं एक: पट्ट्या उरल्याच, तर दुसऱ्या दिवशी गरम कशा करायच्या? मायक्रोवेव्हमध्ये केल्या तर चामडं होतात.

खाडीपलीकडची

मायक्रोवेव्ह नकोच. तोच बिडाचा तवा, मंद आच, तेल-तूप काही नाही. पट्ट्या सुट्या मांडायच्या, झाकण, तीन-चार मिनिटं. खालची बाजू पुन्हा कुरकुरीत होते आणि चीज फक्त सैल होतं. सॉस फ्रीजमधून काढलेला गारच घ्यायचा, तो गरम करायला गेलास तर फाटेल.